शून्य नोंदी सापडल्या

“मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसला तर मिशा उतरवून देईन,” असं मी परवा संध्याकाळी कट्ट्यावर जाहीर केलं.

“मिशा आहेत कुठं?” म्हमाणे म्हणाले.

म्हमाणे म्हणजे एसटीचे निवृत्त तिकीट तपासनीस. एकतीस वर्षं लोकांच्या खिशाकडं संशयानं बघून त्यांची मान कायमची जराशी तिरकी झाली आहे. दुसरा खमितकर. खमितकर आणि मी बार्शीच्या एकाच कॉलेजच्या ग्रंथालयात एकोणतीस वर्षं काढली. कॉलेजचं नाव सांगत नाही, माणसं अजून हयात आहेत. मी देवघेव विभागात, म्हणजे पुस्तकं देण्याघेण्याच्या काउंटरवर होतो, तो नियतकालिकांत. माझ्या सगळ्या गोष्टींना खमितकर साक्षीदार असतो. मी म्हणालो की ग्रंथालयात एकदा बिबट्या शिरला होता, की तो शांतपणे म्हणतो, “दोन.” असा मित्र मिळायला नशीब लागतं.

तर पाण्याच्या टाकीखालच्या सिमेंटच्या बाकावर बसून मी परवा जे सांगितलं, ते तसंच इथं उतरवतो आहे. मध्ये कोण काय बोललं, तेही गाळलेलं नाही.

आमच्या ग्रंथालयाची वेबसाइट ही अख्ख्या महाराष्ट्रातली एकमेव वेबसाइट असेल, जी सेवाज्येष्ठतेप्रमाणं लावलेली होती. ग्रंथपालाची जागा रिकामी होती आणि कारभार माझ्याकडं होता. म्हणून सगळ्यात वर ‘देवघेव विभाग’. त्याखाली खमितकरचा ‘नियतकालिक विभाग’. त्याखाली ‘तांत्रिक विभाग’, कारण तिथल्या बाई खमितकरपेक्षा चार महिन्यांनी उशिरा लागल्या होत्या. कुणाला बढती मिळाली की त्याचं नाव एक घर वर सरकायचं. जुन्या प्रश्नपत्रिका एका रोजंदारीवरच्या माणसानं स्कॅन केल्या होत्या. रोजंदारीवरच्या माणसाला ज्येष्ठता कुठली? म्हणून त्या सगळ्यात तळाशी, ‘इतर’मध्ये, इतरच्या आत ‘आणखी इतर’मध्ये, आणि त्याच्याही आत ‘किरकोळ’मध्ये. बी.ए. पहिल्या वर्षाचा एक मुलगा प्रश्नपत्रिका शोधायला आत शिरला तो थेट दुसऱ्या वर्षाला बाहेर आला.

“तिसऱ्या,” खमितकर म्हणाला. “मध्ये एकदा नापास झाला होता.”

शिवाय मुख्य पानावर पृथ्वीचा गोल गरगर फिरायचा. सहा वर्षांपूर्वीच्या एका सूचनेशेजारी पिवळ्या अक्षरांत ‘नवीन!’ असं उड्या मारत असायचं. आणि तळाशी लिहिलेलं होतं, ‘आपण आमचे तीन लाख अकरा हजारावे पाहुणे आहात.’ त्यातले तीन लाख हा खमितकर. दुपारी जेवण झालं की बसायचा तेच पान पुन्हा पुन्हा उघडत.

“आकडा वाढला की बरं वाटायचं,” खमितकर म्हणाला.

दोन हजार अकराची गोष्ट. पुढच्या एप्रिलात कॉलेजला श्रेणी देणारी नॅकची समिती येणार होती. प्राचार्य आवटे सरांनी एकदा घरून आपल्या लेकीसाठी वेबसाइटवर एक प्रश्नपत्रिका शोधायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. डोळे सुजलेले होते. म्हणाले, “बारबोले, हे काय प्रकरण आहे हो?” मी म्हणालो, “सर, सगळं नियमाप्रमाणं लावलंय.” ते म्हणाले, “तेच तर झालंय.” आणि मे महिन्यात नान्नजकर मॅडम रुजू झाल्या.

शुभदा नान्नजकर. पस्तिशी ओलांडलेली. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. तिसरीतली मुलगी घेऊन एका खोलीत राहायच्या. पुढच्या वर्षी ग्रंथालयात कायमची एक जागा भरायची होती. मॅडमना मुदतवाढ मिळून त्या तोवर इथंच असत्या, तर जागा त्यांनाच मिळणार हे उघड होतं. नाही मिळाली, तर त्यानंतर त्यांचं वय अटीतून बाहेर जात होतं. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सरळ सांगितलं होतं. इतकं सरळ सांगणारा माणूस काहीतरी लपवत असणार, असं माझ्या मनानं तिथंच घेतलं.

“बरोबर आहे,” म्हमाणे म्हणाले. “ज्याच्याकडं तिकीट नसतं, तोच आधी ‘नमस्कार साहेब’ म्हणतो.”

आता मला सांगा, वेबसाइट सुधारायला आलेली बाई पहिले पंधरा दिवस संगणकाला हातच लावत नाही, म्हणजे काय समजायचं? ती एकेका विद्यार्थ्याला धरून संगणकापुढं बसवायची आणि म्हणायची, “समज, परवा तुझा अर्थशास्त्राचा पेपर आहे. गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका शोध. मनात येईल ते मोठ्यानं बोल. चुकलास तरी चूक तुझी नाही, पानाची.” आणि स्वतः मागं बसायची. हातात घड्याळ आणि मांडीवर वही. एक अक्षर बोलायची नाही. पोरगं घामाघूम झालं तरी मदत करायची नाही. फक्त लिहायची.

खमितकर आणि मी मासिकांच्या मांडणीमागून बघत होतो.

“देवघेव विभाग,” एक पोरगं मोठ्यानं वाचत होतं. “हे लग्नाचं आहे का मॅडम?”

मॅडम लिहितात.

“नियतकालिक... हे कळंना मॅडम. सोडू का?”

मॅडम पुन्हा लिहितात.

“काय लिहिते रे ती?” मी खमितकरला विचारलं.

“आपलंच असणार,” खमितकर म्हणाला.

दुपारी मॅडम डबा खायला गेल्या तेव्हा आम्ही वही बघितली. तीत लिहिलेलं होतं, ‘सात मिनिटे. देवघेववर दोनदा जाऊन परत. उपयोग नाही. वैताग.’ खाली दुसऱ्या दिवसाचं, ‘देवघेव. उपयोग नाही.’ त्याखालीही देवघेवच. म्हमाणे, एकोणतीस वर्षांच्या नोकरीत माझा गोपनीय अहवाल इतका वाईट कुणी लिहिला नव्हता.

मग जानेवारीत निघाली कार्डं. चौतीस पांढरी कार्डं. वेबसाइटवर जे जे होतं, त्या प्रत्येकाचं नाव एकेका कार्डावर लिहिलेलं. मोठ्या टेबलावर पोरांना बसवायचं आणि सांगायचं, “तुम्हाला जे एकत्र असावं वाटतं, ते एकत्र ठेवा. आणि ढिगाला तुम्हीच नाव द्या.” मी सहज बाजूनं जातोय असं दाखवून डोकावलो. एका मुलीनं पाच ढीग केले होते. पाचव्या ढिगावर चिठ्ठी होती, ‘हे नको.’ त्या ढिगात सगळ्यात वर देवघेव विभाग, त्याखाली नियतकालिक विभाग, त्याखाली तांत्रिक. दुसरा मुलगा आला. त्याचं ‘कळत नाही’. त्या ढिगातही मीच वर. चार पोरं आली, चारही वेळा मी त्याच ढिगात. निदान तिथं तरी ज्येष्ठता पाळली म्हणायची.

त्याच आठवड्यात मी लाकडी पार्टिशनच्या या बाजूला होतो आणि मॅडम पलीकडं फोनवर बोलत होत्या. शब्द न् शब्द ऐकला. “जुनं आहे ते सगळं काढायचं. देवघेव ठेवून उपयोग नाही, कुणालाच त्याची गरज वाटत नाही. हो, नियतकालिकसुद्धा. त्यांना वाईट वाटेल, माहितेय मला. पण एप्रिलच्या आत करावंच लागेल.”

मी तडक खमितकरकडं गेलो.

तेव्हा वरून पदांचा नवा आकृतिबंध येणार अशी आवई होती. कुणाकुणाची पदं अतिरिक्त ठरणार आणि त्यांना दुसऱ्या कॉलेजांत पाठवणार म्हणत होते. शेजारच्या कॉलेजातला एक जण करमाळ्याच्या पुढं फेकला गेला होता. रोज तीन गाड्या बदलत होता. माझ्या निवृत्तीला पावणेतीन वर्षं होती. मी हिशेब जुळवला. विद्यार्थ्यांची मतं घेणं, वहीत टिपणं आणि वरून कुणाशी तरी फोन. वेबसाइट हे निमित्त. बाई वरच्या लोकांसाठी माणसं छाटायला आलीय.

“मलापण तसंच वाटायचं,” खमितकर म्हणाला. हे मात्र तो साक्षीदार म्हणून म्हणाला नाही. त्याला खरंच तसं वाटायचं.

मग मी ठरवलं, प्राचार्यांकडं तिच्याविरुद्ध निनावी अर्ज करायचा. उघड केला असता, तर कारण द्यावं लागलं असतं. आणि ‘कार्डांच्या ढिगात माझं नाव वर आलं’ हे कारण कागदावर बरं दिसत नाही. पण निनावी अर्ज मी कधी लिहिला नव्हता. तोवरच्या सव्वीस वर्षांत केलेला प्रत्येक अर्ज ‘महोदय’पासून सुरू केला आणि ‘आपला विश्वासू’वर संपवला. निनावी अर्जाखाली काय लिहितात? कुणाचा विश्वासू?

म्हटलं, संगणकाला विचारू. काउंटरवरचा माझा संगणक उघडला की आमच्याच वेबसाइटचं पान यायचं आणि त्यात वर शोधायची एक चौकट होती. मला वाटायचं, जगातलं सगळं त्याच चौकटीत सापडतं. माझं सोडा, खमितकर त्या चौकटीत पावसाचा अंदाज शोधायचा.

“एकदा सापडला होता,” खमितकर म्हणाला.

मी टाकलं, ‘निनावी अर्जाचा नमुना’. पान विचारात पडलं, गोल फिरला आणि उत्तर आलं, ‘शून्य नोंदी सापडल्या.’ मी टाकलं, ‘नाव न देता तक्रार कशी करावी’. शून्य नोंदी. शेवटी वैतागून नुसतं ‘तक्रारी’ टाकलं, तर एक नोंद सापडली. जनावरांच्या पोटाच्या तक्रारींवरचं एक पुस्तक, तेही बांधणीला गेलेलं.

मग माझा मीच लिहिला. डाव्या हातानं लिहिला. अक्षर इतकं वाकडं आलं की मला स्वतःलाच ओळखू येईना. तीन आरोप केले. कामाच्या वेळेत विद्यार्थ्यांना टेबलाभोवती जमवून पत्त्यांसारखे डाव मांडते. ग्रंथालयातली माहिती फोनवरून बाहेरच्या माणसाला पुरवते. आणि विद्यार्थ्यांच्या मनात सेवाज्येष्ठ कर्मचाऱ्यांबद्दल अनादर निर्माण करते. खाली ‘एक हितचिंतक विद्यार्थी’. बार्शीचा शिक्का नको म्हणून कुर्डुवाडीला जाऊन पेटीत टाकला. येताना ट्रकनं आलो. ट्रकमध्ये शेळ्या होत्या, त्यातली एक सबंध रस्ताभर माझ्याकडं बघत होती.

म्हमाणे जोरात हसले. “तुमची गोष्ट थोडीशी खरी वाटायला लागलीय,” म्हणाले. “काळजी घ्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर बसतो न बसतो, तोच नान्नजकर मॅडम आल्या. “सर, वेळ आहे का? नवीन पानाचा कच्चा नमुना झालाय. सगळ्यांच्या आधी तुम्ही बघावा असं वाटलं.”

मी म्हटलं, हं, आता आपलं श्राद्ध आपल्यालाच दाखवणार.

त्यांनी पान उघडलं. गोल नाही, उड्या मारणारं काही नाही. पांढरंशुभ्र पान, त्यावर मोठ्या अक्षरांत सहाच ओळी. पहिली, ‘पुस्तक हवंय’. दुसरी, ‘पुस्तक परत द्यायचंय किंवा मुदत वाढवायचीय’. तिसरी, ‘जुन्या प्रश्नपत्रिका’.

“देवघेव विभाग कुठं गेला?” मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

“हाच तो, सर.” त्यांनी पहिल्या दोन ओळींवर बोट ठेवलं. “नाव तेवढं काढलं. पोरांना ‘देवघेव विभाग’ म्हणजे काय ते कळत नव्हतं. त्यांना तुमच्याकडं यायचं असायचं, पण वाट सापडत नव्हती. चाळीस मुलांपैकी एकतीस जण तुमच्याच कामासाठी साइटवर येतात, सर. म्हणून तुमचं काम वर ठेवलंय. ज्येष्ठतेनं नाही हं, गरजेनं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “नाव काढल्याचं तुम्हाला वाईट वाटेल म्हणून फार दिवस बोलले नाही. माझ्या भावाशी फोनवर पण तेच बोलत होते. तो पुण्यात हीच कामं करतो.”

मी म्हणालो, “चांगलं झालंय.”

त्या वेळी पत्र कुर्डुवाडीहून निघालेलं होतं.

म्हमाणेंचं हसू थांबलं. “अरे अरे,” म्हणाले. “मग परत नाही का घेता आलं?”

कुणाकडून घेणार? पेटीशी जाऊन उभा राहू? चार दिवस मी टपाल यायच्या वेळी प्राचार्यांच्या केबिनबाहेर घुटमळलो. शिपाई म्हणाला, “बारबोले सर, काय पाहिजे?” म्हटलं, “टपालात माझं काही आहे का?” तो म्हणाला, “तुमचं कशाला येईल?” पाचव्या दिवशी सकाळी आवटे सरांच्या टेबलावर ते वाकडं अक्षर मी लांबूनच ओळखलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रंथालय समितीची बैठक झाली. विषय दोन, नव्या वेबसाइटचं सादरीकरण आणि नान्नजकर मॅडमची मुदतवाढ. लांब टेबलाच्या डोक्याला आवटे सर, एका बाजूला दोन प्राध्यापक, समोर मी आणि माझ्या शेजारी खमितकर. मॅडम उभ्या होत्या.

सादरीकरण झालं. मॅडम बोलायच्या साध्या, पण प्राध्यापकसुद्धा वाकून वाकून बघायला लागले. शेवटी त्यांनी एक छापील यादी काढली.

“सर, जुन्या साइटवरच्या शोधाच्या चौकटीत लोकांनी काय काय टाकलं आणि काय सापडलं नाही, त्याची ही गेल्या तीन महिन्यांची यादी. यावरून कळतं की लोक काय मागतात आणि आपण काय देत नाही.”

म्हमाणे, मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ती चौकट सगळं लक्षात ठेवते. मी टेबलाची कड धरली.

“जुन्या प्रश्नपत्रिका, चारशे बारा वेळा,” मॅडम वाचत होत्या. “ग्रंथालय किती वाजता बंद होतं, एकशे सत्तर वेळा. बार्शी ते पुणे गाडीच्या वेळा, बावीस.” हशा झाला. “पावसाचा अंदाज, अठरा.” खमितकर छताकडं बघायला लागला. “वधू पाहिजे, सहा.” पुन्हा हशा. “निनावी अर्जाचा...”

त्या थांबल्या. यादीत डोळे पुढं गेले आणि मागं आले. हे चारचौघांत वाचायचं नाही, हे त्यांनाही तिथंच कळलं असणार. त्यांनी पान उलटायला घेतलं, पण आवटे सरांचा हात वर झाला.

“थांबा. काय म्हणालात?”

“काही नाही सर. किरकोळ आहे.”

“निनावी अर्जाचा नमुना? कधी शोधला?”

सरांनी यादी मागून घेतली, तारखेवर बोट ठेवलं, खण उघडला आणि माझं पत्र टेबलावर ठेवलं. पाकिटावरचा शिक्का बघितला. आदल्या दिवशी शोध, दुसऱ्या दिवशी कुर्डुवाडी.

“मॅडम, तुमच्याविरुद्ध हा अर्ज आलाय. खाली ‘हितचिंतक विद्यार्थी’ आहे. विद्यार्थ्यानं केला असेल, तर मला चौकशी करावी लागेल आणि चौकशी संपेपर्यंत तुमची मुदतवाढ थांबेल. पण स्टाफपैकी कुणी केला असेल, तर मी हा इथंच फाडतो आणि तुमच्या कागदावर आत्ता सही करतो.” त्यांनी पेन उघडलंसुद्धा. “यादीत कुठला संगणक ते का नाही?”

“तो रकाना मी छापला नाही, सर.”

“तुमच्याकडं आहे ना?”

“आहे.”

“मग सांगा. कुठल्या संगणकावरून शोधलंय?”

काउंटरचा संगणक. ग्रंथालयात त्यावर दुसरं कुणी बसत नाही.

“सर, ते मी सांगू शकत नाही,” मॅडम म्हणाल्या.

“का?”

“कुणी काय शोधलं, हे ग्रंथालयानं सांगायचं नसतं. ही यादी मी पान सुधारायला काढलीय, माणूस धरायला नाही.”

“अहो, तुमचाच फायदा आहे यात!”

“हो सर.” त्यांनी हातातले कागद नीट केले. “मी रुजू झाले त्या पहिल्या आठवड्यात एक गृहस्थ काउंटरवर आले होते. मुलीनं वर्षभरात कुठली पुस्तकं नेली, ते बघायचं होतं त्यांना. फार चिडले होते. बारबोले सरांनी त्यांच्यादेखत रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, ‘पुस्तक कुणी नेलं हे पुस्तकाला माहीत आणि नेणाऱ्याला. आम्हाला माहीत असून माहीत नाही.’ त्या गृहस्थांनी बदली करवीन म्हणून धमकी दिली, तरी सर हलले नाहीत. मी ते त्यांच्याकडून शिकले. आता माझ्या सोयीसाठी मोडू?”

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. एकदाही नाही. त्यांना रकाना माहीत होता, म्हमाणे. सगळं माहीत होतं.

आवटे सर माझ्याकडं वळले. “बारबोले, ग्रंथालयाचा कारभार तुमच्याकडं आहे. तुम्हाला काय वाटतं? कुणी केला असेल?”

“मग?” म्हमाणे पुढं सरकले. कट्ट्यावर पहिल्यांदाच त्यांची मान सरळ झालेली मी बघितली. “मग काय केलंत?”

मग काय करणार? मी उठलो. उठलो तो असा, की खुर्ची मागं जाऊन भिंतीवर आदळली आणि भिंतीवरचं संस्थापकांचं तैलचित्र डुललं. म्हणालो, “सर, चौकशी कशाला? तो संगणक माझा, ती बोटं माझी आणि हे अक्षर माझ्या डाव्या हाताचं.” आणि डावा हात असा वर केला. दोन्ही प्राध्यापक उभे राहिले. आवटे सरांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, “बारबोले, असा प्रामाणिक माणूस माझ्या कॉलेजात आहे, हे मला माहीतच नव्हतं.” त्यांनी अर्ज टराटरा फाडला, मॅडमच्या कागदावर तिथल्या तिथं सही केली आणि पेन मला बक्षीस दिलं. मॅडम माझ्या पाया पडायला आल्या. मी म्हटलं, “अहो, हे काय? तुम्ही आमच्या गुरू.” पुढच्या वर्षी ती कायमची जागा त्यांनाच मिळाली. नॅकच्या समितीनं तर ती वेबसाइट बघून टाळ्या वाजवल्या. आज मॅडम एका मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथपाल आहेत आणि दर दिवाळीला मला न चुकता त्यांचा फोन येतो.

म्हमाणेंनी चष्मा काढून धोतराच्या टोकाला पुसला. “बारबोले,” ते म्हणाले, “तुमच्या एवढ्या गोष्टी ऐकल्या. ही एक खरी वाटली बघा.”

मी सवयीनं खमितकरकडं वळलो. म्हटलं, “काय खमितकर, खुर्ची आदळली होती ना? की दोन खुर्च्या होत्या?”

खमितकरनं चप्पल पायात घातली, पण तो उठलाही नाही.

“बिबट्याचं मी म्हणत जाईन भगवंत, तू म्हणशील तितके,” तो म्हणाला. “हे नाही म्हणणार. हे खोटं आहे. तू उठला नाहीस. सरांनी तुला विचारलं आणि तू म्हणालास, ‘काय सांगता येत नाही, सर. आजकालची मुलं काहीही करतात.’ ती बाई एकतीस मार्चला टेबल आवरून, पोरीला घेऊन गेली. नॅकच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्या पानाखाली मांडणी म्हणून तुझं नाव होतं. मी तुझ्या शेजारी होतो. सर तिला म्हणाले, ‘ठीक आहे मॅडम, या तुम्ही,’ तेव्हा तू पाणी पीत होतास. ग्लासात पाणी नव्हतं, भगवंत. तरी तू पीतच होतास, आणि मीही बघत बसलो होतो.”